ओलं झालेलं लुगडं

पत्र :

‘ताई, माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेने “श्यामची आई” वाचून दोन पानी अभिप्राय लिहायला सांगितला होता. मला फार आनंद झाला. माझ्या आईने मला हे पुस्तक रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवलं होतं. तीच प्रत, खाकी कव्हर घातलेली, मी मुलीच्या हातात दिली. तिने वहीत लिहिलं ते असं : “मला हे पुस्तक आवडलं नाही. सगळे सारखे रडतात. श्यामच्या पायाला माती लागू नये म्हणून आई स्वतःचं लुगडं दगडावर पसरते. मग तिने ओल्या लुगड्यानेच पुढची कामं केली असणार. यात थोर काय आहे? आई आजारी असली तरी काम करते आणि सगळे तिला थोर म्हणतात. मला वाटतं ती दमली होती.” बाईंनी लाल शाईने शेरा मारला : “विचार सकारात्मक ठेवावेत. पुन्हा लिहून आणणे.” सासूबाईंनी वही वाचली आणि दोन दिवस नातीशी बोलल्या नाहीत. मुलगी म्हणते, मी दुसरं काही लिहिणार नाही, हवं तर नेटवरून उतरवून देते. समजावायला गेले तर म्हणाली, “तू पण सगळ्यांचं झाल्यावर जेवतेस, म्हणून तुला आवडतं.” मी तिच्याएवढी असताना हे पुस्तक वाचून ढसाढसा रडले होते. माझी मुलगी इतकी कोरडी कशी निघाली? तिला पुन्हा लिहायला लावू का? – एक आई, कराड.’

उत्तर :

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं. राग मानू नका. तुम्ही लेकीची तक्रार म्हणून जे उतरवून पाठवलंय, ते वाचून माझ्यातली जुनी मराठीची बाई खूश झाली. एकतीस वर्षं शिकवलं मी. ‘या पुस्तकातून आपणास मातृप्रेमाचा महान संदेश मिळतो’ या वाक्याने सुरू होणाऱ्या वह्या किती तपासल्या असतील, देव जाणे. ‘मला वाटतं ती दमली होती’ हे वाक्य एकाही वहीत मिळालं नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, पुन्हा लिहायला लावा. मात्र मत बदलून नको. तेच मत तिने जास्त लांब आणि जास्त नेटाने लिहावं. कसं, ते पुढे सांगते.

कोरडी म्हणालात, तर दगडावरच्या ओल्या लुगड्याकडे पाहून ते नेसलेल्या बाईला पुढे गारठा लागला असेल, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात येतं. तुम्ही रडलात, मीही रडले होते; पण त्या लुगड्याचं पुढे काय झालं हे तुमच्या मनात आलं होतं का? माझ्या तर नव्हतं आलं. मी तो प्रसंग वर्गात बारा-पंधरा वेळा तरी शिकवला असेन. दर वेळी माझी गाडी एकाच वाक्यावर जाऊन थांबायची : पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनाला घाण लागू नये म्हणून जप. फळ्यावर ते वाक्य, खाली दोन रेघा, ‘संदर्भासह स्पष्टीकरण, चार गुण’. त्याच्या वरचा अख्खा परिच्छेद आम्ही गाळायचो.

तो परिच्छेद तुम्ही दोघींनी पुन्हा काढून वाचा, कारण तुमच्या लेकीची तिथे एक ओळ निसटली आहे. लहानगा श्याम आंघोळ करून धोंड्यावर उभा आहे, ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट धरून बसलाय. आई त्याला हट्टी म्हणते, असली खुळं कुठून शिकून येतोस म्हणते आणि शेवटी लुगडं पसरते. तो पाय टिपून घेतो, उडी मारतो. इथे गोष्ट सांगणारा मोठा श्याम मध्येच थांबून सांगतो, की तिचं लुगडं ओलं झालं याची मला तेव्हा पर्वा नव्हती, आणि तिला तरी ते त्या वेळी थोडंच बदलता येणार होतं! म्हणजे मुलीने जो प्रश्न विचारला, तो लेखकाने स्वतःलाच विचारून ठेवलाय. फरक इतकाच की तिला तो आठवीत पडला आणि श्यामला तो पडेपर्यंत आई उरली नव्हती.

हे पुस्तक कसं लिहिलं गेलं ते मुलीला सांगा, म्हणजे ती त्याच्याशी जरा बरोबरीने भांडू शकेल. पांडुरंग सदाशिव साने हा पालगडचा मुलगा, आई गेली तेव्हा सतरा वर्षांचा होता. साल १९१७. शिक्षणासाठी घराबाहेर होता. तो घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे अमळनेरला शिक्षक झाला, १९३० च्या सत्याग्रहात नोकरी सोडून उतरला, तुरुंगात गेला. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, ९ तारखेच्या गुरुवारी त्याने लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या सोमवारी पहाटे हातावेगळं केलं. बहुतेक सारं पुस्तक या पाच दिवसांतलं. वय तेहतीस. आई जाऊन पंधरा वर्षं झालेली, वर तुरुंगवास. लिहिताना आपलं मन शंभरदा भरून आलं असं त्याने प्रस्तावनेत स्वतःच कबूल केलंय. तेव्हा ‘सगळे सारखे रडतात’ या तक्रारीवर लेखकाची सहीच आहे म्हणा ना.

आता एवढं कळल्यावर पुस्तकाकडे बघा. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. सांगतोय कोण? ज्याला आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसता आलं नाही तो. जो माणूस उशिरा पोचलाय, त्याला एकेक गोष्ट आठवते ती टोचणी लावूनच. मला हे पुस्तक आईच्या थोरवीचं कमी आणि मुलाच्या देण्याचं जास्त वाटतं. घरावर सावकाराचं देणं आहेच, त्यावर हे दुसरं देणं, आणि ते फेडायला माणूसच शिल्लक नाही. आपण मोठ्या माणसांनी मात्र त्याची शिस्तीची पुस्तिका करून टाकली. मुलाने ताट टाकलं, काढा श्याम. मुलगी उलट बोलली, काढा श्याम. शाळांच्या भिंतीवर वाक्यं रंगवली आणि पाहुण्यांसमोर मुलांकडून पाठ म्हणून घेतली. मग मुलं पुस्तकावर चिडली तर त्यात पुस्तकाचा काय दोष?

खरं तर पुस्तकातला श्याम अजिबात आदर्श बिदर्श नाही. पोहायला जायची भीती वाटते म्हणून तो लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. पुस्तकांच्या हव्यासापोटी पैसे चोरतो; त्या रात्रीचं नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’. वडाला प्रदक्षिणा घालायला त्याला लाज वाटते, कारण पोरं चिडवतील. ही वडाची गोष्ट तर पहिल्याच रात्री येते, आणि ती मुलीला मुद्दाम दाखवा. वटसावित्रीचं व्रत आईचं. पण अंगात त्राण नाही, आजारपणाने फेऱ्या घालवत नाहीत, म्हणून ती आपल्या जागी मुलाला पाठवते. म्हणजे पुस्तकाचं दारच एका थकलेल्या बाईने उघडलंय. ‘ती दमली होती’ याला पहिल्या रात्रीचाच पुरावा आहे. तिने तो वहीत घालावा, मग कुठल्या बाई ‘सकारात्मक’ म्हणतात ते मी बघते.

त्याच पहिल्या रात्री आणखी एक गोष्ट आहे. पुस्तकाच्या नावात ती फक्त कुणाची तरी आई आहे. पण माहेरी तिला कोणी आवडी म्हणायचं, कोणी बयो. पुढे ही नावं फारशी कुणाच्या तोंडी येत नाहीत. लेकीची नजर तुम्ही सांगता तशी असेल, तर ती यावर एक पान सहज लिहील. तिला आयतं देऊ नका, फक्त ‘आईचं नाव काय होतं गं?’ एवढं विचारा.

आणि ‘सगळं सोसणारी’ हा शिक्काही तपासायला सांगा. घरावर कर्ज चढतं, सावकाराचा माणूस वसुलीला येऊन ओटीवर बसतो आणि जीभ सैल सोडून थेट बायको विकण्याची भाषा करतो. तेव्हा ही बाई आतून बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते. त्या काळी, परक्या पुरुषासमोर, नवरा मान खाली घालून बसलेला असताना! माझ्या मते या पुस्तकातला हा सगळ्यात ताठ प्रसंग. वर्गात तो क्वचितच कोणी रंगवून सांगतं. डोळ्यांत पाणी आणणारी आई आपल्याला सोयीची पडते, आवाज चढवणारी आई भाषणात कुठे बसवायची?

मुलीचं सगळंच बरोबर आहे असं मी म्हणत नाही. ‘सगळे सारखे रडतात’ यावर मी तिच्याशी भांडेन. शेवटच्या दहा-बारा रात्री तिने घाईने उरकल्या असाव्यात असा माझा संशय आहे. ‘तेल आहे, तर मीठ नाही’ ही रात्र घ्या. स्वयंपाकघरात उभं राहून काय आहे, काय नाही याचा हिशेब करणारी बाई त्यात दिसते, आणि ज्या घरात महिनाअखेर ओढून आणावी लागते तिथे ती वाचून रडू येतंच असं नाही, पोटात गोळा येतो. तिथे लेखक उपदेश विसरलाय. इतर काही रात्री मात्र मीसुद्धा पानं उलटून पुढे जाते. गोष्टीच्या आधी आणि नंतर जी निसर्गाची, संस्कृतीची, मातृभूमीची लांबण लागते, ती तुरुंगात लिहिणाऱ्याला हवीशी असेल. दिवाळीचा चिवडा हातात घेऊन बसलेल्या मुलीला कशाला हवी? भाबडेपणा दिसला की ‘सानेगुरुजी छाप’ म्हणून नाक मुरडायची आपल्याकडे जुनी चाल आहे. ती मला आवडत नाही, पण तिला निमित्त या लांबणीनेच पुरवलं. लेकीला सांगा, उपदेश आला की चार ओळी सोडायची परवानगी आहे. पूर्ण वाचलंच पाहिजे ही सक्ती आपली. साने गुरुजींची नव्हे.

इथे मला माझं एक जुनं पाप सांगायचं आहे. तालुक्याच्या गावची शाळा, नाव सांगत नाही. आठवीचाच वर्ग. ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र वाचत होतो. तुम्हाला आठवत असेल, एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडलेली असते, विटाळ होईल म्हणून कोणी हात लावत नाही, आणि श्यामची आई श्यामला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. मी मोठ्या आवाजात समतेवर बोलून गेले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. फार बोलायचा नाही तो. म्हणाला, ‘बाई, आंघोळ कशाला करायची?’ मी म्हटलं, तेव्हाच्या काळात तसं होतं. तो उभाच. ‘मग देवाला सारी प्रिय कशी?’ घड्याळाकडे बघून मी म्हणाले, हा प्रश्न परीक्षेला येत नाही, बस खाली.

तो बसला. वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला फार उशिरा सुचलं. ती आई तिच्या काळाच्या एक पाऊल पुढे होती आणि एकच पाऊल पुढे होती, हे सरळ कबूल करायला हवं होतं. १९३५ साली पुस्तक छापून आलं तेव्हा लेखकाला ती आंघोळ सहज गाळता आली असती, आई आणखी थोर दिसली असती. त्याने ती ठेवली. आणि हाच माणूस १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून दहा दिवस उपाशी बसला, आणि ते उघडलं. आईने जिथे आंघोळ सांगितली होती, तिथून मुलगा इथवर आला. मागच्या बाकावरचा मुलगा त्याच वाटेवरचा पुढचा प्रश्न विचारत होता, आणि मी त्याला खाली बसवलं. तुमच्या लेकीच्या वहीवरचा लाल शेरा वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. म्हणून एवढं लिहिलं.

तेव्हा त्या बाईंवर चिडू नका. साठ वह्या, प्रत्येकीला शेरा, वर अहवाल. ‘सकारात्मक’ हा शब्द पेनातून आपोआप उतरतो. शाळेत जाऊन वाद घालू नका, वहीचा फोटो पालकांच्या गटात तर मुळीच टाकू नका. आमच्या वेळी हा गट नव्हता हे माझं नशीब. बाईंना एकट्या गाठा आणि इतकंच विचारा : ‘मत तेच ठेवून, पुस्तकातले प्रसंग देऊन तिने पुन्हा लिहिलं तर चालेल का?’ बहुतेक शिक्षकांना विद्यार्थ्याने पुस्तक खरंच वाचलंय याचा पुरावा हवा असतो. पहिल्या अभिप्रायात तो थोडा कमीच आहे, हे लेकीलाही मान्य करावं लागेल. ‘थोर काय आहे’ हा प्रश्न उत्तम. पण आजारी असताना काम केलं ते कुठे, कोणत्या रात्री, हे कुठे सांगितलंय? न आवडलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं तर ते आवडलेल्यापेक्षा बारकाईने वाचावं लागतं. नेटवरून उतरवून देते म्हणाली, ते मात्र होऊ देऊ नका. तसं केलं की तिला शाळेत एकच गोष्ट कळेल, की खरं लिहिलं तर पुन्हा लिहावं लागतं आणि खोटं लिहिलं की सुटका होते.

त्यातूनही बाई नाही म्हणाल्या, तर दोन-चार गुण जातील. जाऊ द्या. आठवीचे आहेत.

सासूबाईंचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी हे पुस्तक नुसतं वाचलं नाही, ते त्यांचं प्रमाणपत्र होतं. जन्मभर जे केलं त्याला घरात कोणी ‘बरं केलंस’ म्हणालं नाही. या एका पुस्तकाने म्हटलं. आता नात विचारते, यात थोर काय? त्यांना ते स्वतःबद्दल विचारल्यासारखं लागलं असणार. नातीला माफी मागायला लावू नका, माफी मागण्यासारखं तिने काही केलेलं नाही. एखाद्या रात्री तिला म्हणावं, आजी, ते पोहण्याचं वाच ना मोठ्याने. आजीला त्यांच्या लहानपणीची विहीर आठवेल, कोणी ढकललं, कोणी काढलं ते आठवेल. कदाचित ‘आम्हाला कुठे कोणी पोहायला पाठवलं’ असंही निघेल. नातीने ऐकावं. त्या दोघींच्या मध्ये तुम्ही बसू नका, चहा टाकायच्या निमित्ताने आत जा.

आता राहिलं ते वाक्य, जे तुम्ही पत्राच्या शेवटी घाईघाईने लिहून टाकलंय. ‘तू पण सगळ्यांचं झाल्यावर जेवतेस.’ मला वाटतं तुम्हाला वहीपेक्षा हेच लागलंय, आणि मुलीच्या मनातही वहीपेक्षा हेच जास्त आहे.

‘अळणी भाजी’ ही रात्र आठवते? भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील चकार शब्द न काढता, उलट नावाजत जेवतात. ते बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. मग आई जेवायला बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं. केवढी ओशाळते ती! आपण सगळे या गोष्टीतून काय शिकवतो? वडिलांचा संयम, आईची हळहळ. श्यामही तेच सांगतो. पण भाजी अळणी आहे हे तिला सगळ्यात शेवटी का कळलं, हे तुमच्या लेकीला विचारा. ती क्षणात सांगेल. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसली म्हणून. पंगतीला असती तर पहिल्याच घासाला मिठाचं भांडं फिरलं असतं आणि गोष्टच झाली नसती.

तेव्हा मुलीला हे पुस्तक कळलं नाही असं मला वाटत नाही. तिने ते तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचलंय. तिला श्यामच्या आईचा राग नाही. तिला धास्ती आहे, की पुढे कधीतरी आपणही तुमच्याबद्दल असंच, फार उशिरा, डोळे पुसत सांगत बसू. मी जास्त वाचतेय असं वाटलं तर सोडून द्या. पण एकदा तिला विचारून बघा, ‘मी दमलेली दिसते का गं?’ आणि ती हो म्हणाली तर लगेच ‘छे, मला काय झालंय’ म्हणू नका. आपल्याला ते वाक्य फार पाठ असतं. ताटं एकदम वाढून सगळ्यांनी एकत्र बसायला तुमच्या घरी काय अडचण आहे मला माहीत नाही. गरम पोळीचा आग्रह असेल, सासूबाईंची सवय असेल, कुणाची तरी वेळ असेल. त्यातली कुठली खरी अडचण आणि कुठली नुसती चालत आलेली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

तुमचं रडणं खोटं होतं असं यातून काढू नका. तुमच्या आईच्या आवाजात ऐकलंत तुम्ही ते पुस्तक. अर्धं रडू त्या आवाजाचं होतं. तुमच्या लेकीच्या हाती ते गृहपाठ म्हणून आलं, दोन पानांच्या अटीसकट. दोघींचं पुस्तक वेगळं झालं त्याला हेही एक कारण आहे. ती प्रत परत तुमच्या कपाटात ठेवू नका. तिच्याकडेच राहू द्या, आणि समासात पेन्सिलीने लिहायला हरकत नाही असं सांगा. खाकी कव्हर बदलायला झालं असेल तर बदला.

सिनेमा दाखवायचं मनात असेल तर जरा थांबा, आधी तिचं दुसरं लिखाण होऊ द्या. अत्र्यांचा, १९५३ चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला. त्यात आई झालेल्या वनमालाबाईंना पाहून तुम्ही आणि सासूबाई पुन्हा रुमाल शोधाल, आणि मुलगी तुमच्या दोघींकडे बघत बसेल. पण ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ हे गाणं याच सिनेमातलं आहे, हे तिला माहीत नसणार. गाणं संपलं की तिला त्या लाल शेऱ्याची आठवण करून द्या; हसेल ती. आणि दुसऱ्या खेपेला बाईंनी काय शेरा मारला ते मला नक्की कळवा.